फुजीचे दोन लॅप: निकी लाउडानं गाडी का थांबवली

२४ ऑक्टोबर १९७६, जपानमधला फुजी स्पीडवे. फॉर्म्युला वन सीझनची शेवटची रेस आणि पॉइंट टेबलवर फेरारीचा निकी लाउडा ६८, मॅकलारेनचा जेम्स हंट ६५. पाऊस नुसता कोसळत होता, त्यात धुकं, ट्रॅकवरून पाण्याचे ओहोळ वाहत होते. रेस दीडेक तास उशिरा सुरू झाली. लाउडानं दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, मारले, गाडी पिटमध्ये (टीमच्या दुरुस्तीच्या जागी) आणली, उतरला आणि टीमला सांगितलं की मी चालवणार नाही. शेवटी हंट तिसरा आला, ४ पॉइंट मिळाले, ६९ झाले आणि लाउडाची चॅम्पियनशिप एका पॉइंटनं गेली.

घटना एवढीच. पण आज इतक्या वर्षांनीही यावर वाद झाला की तो एकाच जागी अडकतो. एक बाजू म्हणते घाबरला, चॅम्पियननं असं करायचं नसतं. दुसरी म्हणते अहो बारा आठवड्यांपूर्वी हा माणूस जळत्या गाडीत होता, त्याला घाबरायचा हक्क आहे. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही फुजी एकटं बाजूला काढून बघतात आणि दोघांनीही मनात धरलेलं असतं की तो भीतीनं थांबला, फक्त एक जण दोष देतो आणि दुसरा माफ करतो. माझं म्हणणं असं आहे की त्याला माफीची गरजच नव्हती. हे प्रकरण १ ऑगस्टपासून, म्हणजे जर्मनीतल्या त्याच्या अपघाताच्या दिवसापासून, ओळीनं वाचलं तर फुजीचा निर्णय त्या अख्ख्या वर्षातला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. जन्म २२ फेब्रुवारी १९४९, व्हिएन्ना. घरचं बक्कळ, आजोबा हान्स लाउडा मोठे उद्योगपती, आणि नातवानं गाड्या पळवणं घरात कुणालाच मान्य नव्हतं. पैसे मिळेनात तेव्हा यानं स्वतःच्या आयुष्याचा विमा तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढलं आणि मार्च टीममध्ये सीट विकत घेतली, १९७१ मध्ये ऑस्ट्रियात फॉर्म्युला वनचं पदार्पण. १९७२ ची गाडी इतकी वाईट होती की करिअर तिथंच संपायचं, पण कर्ज डोक्यावर असताना सोडणार कसं, म्हणून बीआरएम टीमकडे गेला. तिथं क्ले रेगाझोनी टीममेट होता, तो १९७४ ला फेरारीत परत गेला आणि त्यानं एन्झो फेरारींकडे या पोराबद्दल शब्द टाकला. पुढं फिओरानोच्या टेस्ट ट्रॅकवर इंजिनियर माउरो फोर्गिएरीसोबत तासन्‌तास बसून यानं गाडी घडवली, ३१२टी ही गाडी आली आणि १९७५ ला पाच रेस जिंकून चॅम्पियन झाला.

हे सगळं सांगायचं कारण असं की हा माणूस सुरुवातीपासून हिशोबी होता. विमा तारण ठेवून रेसिंगमध्ये उतरणं बाहेरून वेडेपणा वाटेल, पण त्यानं तो आकडे मांडून केलेला होता. त्याच्यात आणि ज्याला आपण 'दर्दी' ड्रायव्हर म्हणतो त्याच्यात हा फरक आहे आणि पुढचं सगळं त्या फरकातूनच येतं.

१९७६ ची सुरुवात एकतर्फी होती. ब्राझील जिंकला, दक्षिण आफ्रिका जिंकला, बेल्जियम आणि मोनॅको जिंकला, मध्ये घरी ट्रॅक्टर उलटून बरगड्या मोडल्या तरी स्पेनमध्ये दुसरा आला. स्पेनमध्ये हंट पहिला आलेला, पण त्याची गाडी नियमापेक्षा १.८ सेंटीमीटर रुंद निघाली म्हणून बाद, आणि मग जुलैत अपिलात परत पहिला. इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला पहिल्याच वळणावर दोन फेरारी एकमेकांना धडकल्या, त्यात हंटचीही गाडी मोडली, रेस पुन्हा सुरू झाली, हंट जिंकला आणि सप्टेंबरमध्ये तो विजय काढून घेतला गेला. म्हणजे या वर्षीचं पॉइंट टेबल कधीच स्थिर नव्हतं, ट्रॅकवर एक आणि कागदावर दुसरं. तरी जर्मनीला जाताना लाउडा ५८ आणि हंट ३५, चक्क २३ पॉइंटचं अंतर, तेही जिंकल्यावर ९ पॉइंट मिळायचे त्या काळात.

आता नूरबर्गरिंग. जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफं, एक लॅप जवळजवळ २२.८ किलोमीटरचा, डोंगरातून जंगलातून वर खाली जाणारा, दीडशेच्या वर वळणं. लोक विसरतात की लाउडाला हा ट्रॅक जमत नव्हता असं अजिबात नव्हतं, उलट १९७५ ला इथं क्वालिफाइंगमध्ये (स्टार्टची जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत) सात मिनिटांच्या आत लॅप मारणारा तो पहिला, ६ मिनिटं ५८.६ सेकंद. म्हणजे ट्रॅकवर सगळ्यात वेगात जाणारा माणूसच म्हणत होता की इथं रेस करू नका. त्याचा मुद्दा ट्रॅक अवघड आहे असा नव्हताच. मुद्दा होता की २२ किलोमीटरवर पुरेसे मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी), आग विझवायच्या गाड्या, अँब्युलन्स ठेवणं शक्यच नाही, कुठंतरी कोपऱ्यात गाडी पेटली तर मदत पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल. त्यात एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडं असं तिथं नेहमीचंच. त्यानं ड्रायव्हरांच्या मीटिंगमध्ये बहिष्काराचा प्रस्ताव मांडला, मतदान झालं आणि एका मतानं प्रस्ताव पडला.

इथं मी थांबतो, कारण माझ्या मते फुजीची किल्ली इथं आहे. लाउडाला धोका दिसत होता, त्यानं तो शब्दांत मांडला होता, आणि मतदान हरल्यावर तो बाकीच्यांबरोबर गाडीत बसला. बहुमत झालं ना, मग चला. २३ पॉइंटची आघाडी असलेला माणूस, एक रेस सोडली असती तरी काही बिघडलं नसतं, पण एकट्यानं बाहेर राहायचं हे त्या दिवशी त्याला जमलं नाही किंवा सुचलं नाही.

रेस ओल्या ट्रॅकवर सुरू झाली, बहुतेक सगळे वेट टायरवर, पण ट्रॅक पटापट सुकत होता म्हणून पहिल्या लॅपनंतर लाउडा पिटमध्ये आला आणि स्लिक, म्हणजे कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत टायर, घातले. दुसऱ्या लॅपला बेर्गवेर्कच्या आधी एका वेगवान डाव्या वळणावर गाडी अचानक फिरली, बांधावर आपटली, पेटली आणि तशीच ट्रॅकवर परत आली. मागून येणारा ब्रेट लंगर तिला धडकला. कारण आजही शंभर टक्के सिद्ध नाही, मागच्या सस्पेन्शनमध्ये काहीतरी तुटलं असावं असं मानतात. धडकेत हेल्मेट डोक्यावरून निघून गेलेलं आणि लाउडा आगीत बेल्टमध्ये अडकलेला.

त्याला बाहेर कुणी काढलं तर चार ड्रायव्हरांनी. लंगर, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारिओ. मेर्झारिओ आगीत घुसला आणि त्यानं बेल्टचं बक्कल सोडवलं. फायर ब्रिगेड नाही, मार्शलांची फौज नाही, मागून रेस करत येणारी माणसं थांबली म्हणून जीव वाचला. मीटिंगमध्ये त्यानं जे मांडलं होतं तेच, तसंच, त्याच्यावरच घडलं. मला हे दरवेळी वाचताना गलबलून येतं, कारण एका मताचा प्रश्न होता.

बाहेर काढल्यावर तो सुरुवातीला शुद्धीवर होता, नंतर कोमात गेला. डोकं, चेहरा, हात भाजलेले, उजवा कान बराचसा गेला, पापण्या जळल्या, पण डॉक्टरांना खरी काळजी आतली होती, जळत्या फायबरग्लास आणि पेट्रोलचा गरम विषारी धूर फुफ्फुसांत गेला होता. मॅनहाइमच्या हॉस्पिटलमध्ये पाद्री येऊन अखेरचे विधी करून गेला. लाउडानं नंतर अनेकदा सांगितलंय की ते आपल्याला ऐकू येत होतं आणि त्याचा राग आला. तिकडे रेस पुन्हा सुरू झाली, ख्रिस एमननं गाडीत बसायला नकार दिला, हंट जिंकला. नॉर्डश्लाइफंवर फॉर्म्युला वन त्यानंतर कधीच झालं नाही, पुढच्या वर्षीपासून जर्मन ग्रां प्री हॉकेनहाइमला गेली. म्हणजे लाउडाचं म्हणणं शेवटी मान्य झालं, फक्त किंमत त्यानं एकट्यानं मोजली.

फेरारीनं काय केलं? ऑस्ट्रियाच्या रेसला टीम उतरलीच नाही. आणि लाउडा अजून बँडेजमध्ये असताना कार्लोस रॉयटेमानला करारबद्ध केलं. टीमच्या बाजूनं विचार केला तर समजू शकतं, ड्रायव्हर जगेल की नाही माहीत नाही, सीझन चालू आहे. पण पडलेल्या माणसाच्या बाजूनं बघा. तो जिवंत आहे, चॅम्पियनशिपमध्ये पहिला आहे, आणि त्याच्या टीमनं त्याची जागा भरायला घेतलीय. हे त्याला लागलं आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही.

मधल्या काळात हंटनं जर्मनीच्या विजयाचे ९ धरून ऑस्ट्रियात ३ पॉइंट घेतले, हॉलंड जिंकून आणखी ९, म्हणजे ३५ चे ५६ झाले. लाउडा ५८ वरच. २३ चं अंतर २ वर आलं. मग १२ सप्टेंबरला इटलीत मॉन्झा, अपघातानंतर फक्त ४२ दिवसांनी, दोन रेस चुकवून लाउडा परत गाडीत बसला. डोक्याला बँडेज, त्यातून रक्त, हेल्मेट आतून बदलून घेतलेलं. फेरारीच्या तीन गाड्या होत्या, लाउडा, रेगाझोनी, रॉयटेमान, आणि क्वालिफाइंगमध्ये तिघांत सगळ्यात पुढे लाउडा, पाचवा. रेसमध्ये चौथा. ३ पॉइंट.

ही गोष्ट नेहमी शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच, मला त्यात काही कमी करायचं नाही. पण या कथेतला एक भाग लोक सोडून देतात. मॉन्झाला तेव्हा तो सगळ्यांना सांगत होता की भीती वगैरे काही नाही, मी ती मागे टाकली. बऱ्याच वर्षांनी त्यानं स्वतःच कबूल केलं की ते खोटं होतं, शुक्रवारी गाडीत बसल्यावर तो भीतीनं पार गोठला होता, पण प्रतिस्पर्ध्यांना हे कळू देणं मूर्खपणा ठरला असता. त्या दिवशी त्याला धड चालवता आलं नाही. मग त्यानं स्वतःला समजावलं की वेगाच्या मागे लागायचं नाही, आधी फक्त गाडी चालवायची, सावकाश, मग हळूहळू वाढवायचं. आणि शनिवारी जमलं.

म्हणजे बघा, भीती त्याला फुजीला भेटली असं नाही, मॉन्झाला ती कितीतरी जास्त होती आणि तिथं त्यानं ती गिळून गाडी चालवली. मग फुजीला का नाही गिळली? हाच प्रश्न आहे आणि 'घाबरला' हे त्याचं उत्तर असूच शकत नाही. मला वाटतं मॉन्झाला तो ज्याला घाबरत होता ते त्याच्या आत होतं, ट्रॅक ठीक होता, गाडी ठीक होती, शरीर आणि मन ऐकत नव्हतं, आणि त्यावर सरावानं काम करता येतं. फुजीला बिघाड आत नव्हता, बाहेर होता, पाण्यात. तिथं कितीही हिंमत केली तरी समोरचं दिसणार नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं, तेही हेल्मेटच्या आत, दोन लॅपमध्ये, हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

मॉन्झानंतर ब्रँड्स हॅचचा निकाल फिरला, हंटचे ९ गेले, लाउडाचे ३ वाढले, ६४ विरुद्ध ४७. सतरा पॉइंट आणि तीन रेस बाकी, कुणालाही वाटावं झालं आता. पण हंटनं कॅनडात मोस्पोर्ट जिंकलं (लाउडा आठवा, शून्य पॉइंट), मग अमेरिकेत वॅटकिन्स ग्लेन जिंकलं (लाउडा तिसरा), आणि ६८-६५ वर सगळे जपानला पोचले.

फुजीला पोल, म्हणजे स्टार्टची पहिली जागा, मारिओ अँड्रेटीची, शेजारी हंट, लाउडा तिसरा. ४.३६ किलोमीटरचा ट्रॅक, ७३ लॅप, आणि त्यात दीड किलोमीटरच्या आसपासचा एक सरळ पट्टा. हा पट्टा महत्त्वाचा आहे. ओल्या रेसमध्ये वळणावर घसरणं हा तसा ओळखीचा धोका, ड्रायव्हर त्यासाठी तयार असतो. पण सरळ पट्ट्यावर प्रचंड वेगात साचलेलं पाणी लागलं की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, आणि एकदा तरंगला की स्टिअरिंग, ब्रेक, अनुभव, काहीच उपयोगाचं नाही. वर त्या काळचे टायर रुंद, ते मागे पाण्याची भिंत उडवायचे. पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसायचा नाही. तुम्ही अंदाजानं पाय दाबून ठेवायचा आणि पुढं कुणी फिरून आडवा पडलेला नाही असं धरून चालायचं.

बरेच ड्रायव्हर रेस नको म्हणत होते, आयोजकांशी बराच वेळ बोलणं चाललं. पण चॅम्पियनशिपचा निकाल लागायचा होता, टीव्हीवर जगभर दाखवायचं होतं, प्रेक्षक बसलेले होते आणि उजेड कमी होत चाललेला. शेवटी ठरलं, सुरू करा. म्हणजे परत तेच, नूरबर्गरिंगसारखं, धोका सगळ्यांना दिसतोय आणि तरी सगळे गाडीत बसतायत कारण बाकीचे बसतायत.

स्टार्टला हंटनं आघाडी घेतली आणि तिथंच दोघांची रेस वेगळी झाली. सगळ्यात पुढे असलेल्या ड्रायव्हरसमोर पाऊस असतो पण फवारा नसतो, त्याला रस्ता दिसतो. लाउडा मागे घोळक्यात सापडला, सगळ्या गाड्यांचं पाणी अंगावर. त्यात पापण्या अजून धड मिटत नव्हत्या, आगीनं गेलेल्या. या एका कारणावर तो निभावून नेऊ शकला असता, सगळ्यांनी मान डोलावली असती. पण त्यानं डोळे पुढे केले नाहीत. तो म्हणाला अशा परिस्थितीत गाडी चालवणं हा वेडेपणा आहे आणि आयुष्यात चॅम्पियनशिपपेक्षा मोठ्या गोष्टी आहेत.

आणि मग तो प्रसंग, जो माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे. फोर्गिएरी त्याच्याजवळ आला आणि म्हणाला की आपण इंजिनात बिघाड झाला असं सांगू. चांगल्या मनानं म्हणाला, ड्रायव्हरला वाचवायला म्हणाला. इंजिन बिघडणं ही रोजची गोष्ट, कुणी प्रश्न विचारला नसता, इटलीचे पेपर फेरारीच्या इंजिनाला शिव्या घालून गप्प बसले असते. लाउडानं नको म्हटलं. मी थांबलोय, माझा निर्णय आहे, तसंच सांगा.

मॉन्झाला भीतीबद्दल खोटं बोललेला माणूस फुजीला खोटं बोलायला तयार नाही, सहा आठवड्यांच्या अंतरानं. मला यात विसंगती दिसत नाही. मॉन्झाचं खोटं हे लढाईत प्रतिस्पर्ध्यापासून लपवायचं होतं, तो पुढं चालवणारच होता. फुजीला खोटं बोलला असता तर 'धोका जास्त असेल तर ड्रायव्हर थांबू शकतो' ही गोष्टच पुसली गेली असती, उरलं असतं फक्त एक बिघडलेलं इंजिन. मीटिंगमध्ये हात वर करून एका मतानं हरलेल्या माणसाला त्याचं मोल माहीत होतं.

तो एकटा नव्हता हेही लक्षात घ्या. लॅरी पर्किन्स, कार्लोस पाची आणि एमर्सन फिटिपाल्डी यांनीही काही लॅपमध्ये स्वतःहून गाड्या थांबवल्या. फिटिपाल्डी म्हणजे १९७२ आणि १९७४ चा चॅम्पियन, सावध पण दमदार ड्रायव्हर म्हणून सगळे मानायचे. त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. चौघांचं कारण एकच, ट्रॅक एकच, पाऊस एकच, फक्त तिघांकडे गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांचं थांबणं शहाणपण ठरलं आणि ज्याच्याकडे सगळं होतं त्याचं थांबणं पळपुटेपणा. खरं तर उलट मोजायला हवं.

आता यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप, जो मलाही बरीच वर्षं छळायचा. पाऊस थांबला. हो, रेस चालू असतानाच पाऊस कमी होत गेला आणि शेवटी ट्रॅक सुकायला लागला, इतका की हंटचे वेट टायर झिजून गेले, शेवटच्या काही लॅपमध्ये टायर गेला, त्याला पिटमध्ये यावं लागलं आणि तो पाचव्या नंबरवर फेकला गेला. मग त्यानं जीव तोडून अॅलन जोन्स आणि रेगाझोनी यांना गाठून तिसरा नंबर मिळवला. अँड्रेटी जिंकला, पॅट्रिक देपायेर दुसरा. हंटला तर रेस संपल्यावरही आपण चॅम्पियन झालोय हे कळलं नव्हतं, तो टायरच्या गोंधळावरून स्वतःच्या टीमवर भडकलेला होता.

हिशोब करून बघितला तर त्रास होतो. हंटचे ६९ झाले. लाउडानं पाचवा नंबर जरी काढला असता तरी २ पॉइंट, ७०, चॅम्पियन. सहावा आला असता तर ६९-६९ आणि जास्त विजयांमुळे हंट. म्हणजे नुसतं सावकाश फिरत राहून, पाऊस थांबायची वाट बघत, पाचवा आला असता तरी पुरत होतं. हे वाचून कुणीही म्हणेल, अरे थोडं थांबायला काय झालं होतं!

पण हे आपण म्हणतोय, निकाल माहीत असलेले. दोन लॅप झाल्यावर पिटमध्ये येणाऱ्या माणसाला पाऊस थांबणार हे माहीत नव्हतं, त्याच्यासमोर ७१ लॅप होते आणि समोरचं दिसत नव्हतं. शिवाय 'सावकाश फिरत राहा' हा सल्ला नीट तपासून बघा. फवाऱ्यात सगळ्यात धोकादायक जागा कोणती, तर सावकाश चालणाऱ्या गाडीची, कारण मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. नूरबर्गरिंगला त्याच्या ट्रॅकवर आलेल्या गाडीवर लंगर आदळला होता, तोही मुद्दाम नाही. ते ज्याच्या अंगावरून गेलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. चांगला निर्णय वाईट निकाल देऊ शकतो, आणि फुजीला कुणी मेलं नाही यावरून तिथं धोका नव्हता हे सिद्ध होत नाही.

माझ्या मते चॅम्पियनशिप फुजीला गेलीच नव्हती. ती गेली त्या मीटिंगमध्ये, एका मतानं. नूरबर्गरिंगचा अपघात झाला नसता तर ऑस्ट्रिया, हॉलंड या दोन रेस चुकल्या नसत्या, मॉन्झा ते वॅटकिन्स ग्लेन अर्धवट बऱ्या झालेल्या शरीरानं चालवावं लागलं नसतं, आणि फुजीपर्यंत गोष्ट आलीच नसती. लोक शेवटच्या रेसकडे बोट दाखवतात कारण ती शेवटची असते.

परिणाम व्हायचे ते झाले. इटलीच्या पेपरांनी झोडपलं. फेरारीत वरच्या लोकांचा विश्वास डळमळला, रॉयटेमानला १९७७ साठी लाउडाच्या जोडीला घेतलं आणि ज्या रेगाझोनीनं लाउडाला आणलं होतं त्याला जावं लागलं. आता नंबर एक रॉयटेमान असाच टीमचा सूर होता. लाउडा काही बोलला नाही, चालवत राहिला. १९७७ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामी जिंकला, अपघातानंतरचा पहिला विजय, आणि त्याच रेसमध्ये टॉम प्राइस आणि ट्रॅक ओलांडणारा एक तरुण मार्शल गेले, प्राइसच्या गाडीचा तुकडा लाउडाच्या गाडीखाली अडकलेला असताना त्यानं रेस पूर्ण केली. आनंद करण्यासारखं त्या दिवशी काहीच नव्हतं. मग हॉकेनहाइम, मग झांडवूर्ट, तीनच विजय पण जवळजवळ प्रत्येक रेसला पॉइंट, ७२ पॉइंट, दुसरा जोडी शेक्टर ५५ वर. वॅटकिन्स ग्लेनला चौथा आला, चॅम्पियनशिप नक्की झाली आणि सीझनच्या दोन रेस बाकी असताना तो फेरारी सोडून निघून गेला.

हंट आणि तो मात्र शेवटपर्यंत मित्र राहिले. फॉर्म्युला थ्रीच्या दिवसांपासूनची ओळख होती. हंट १९९३ मध्ये फक्त ४५ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला.

आणखी एकदा पॉइंटचा खेळ लाउडाच्या वाट्याला आला, पण उलटा. १९७९ ला त्यानं रेसिंग सोडलं, स्वतःची विमान कंपनी काढली, १९८२ ला मॅकलारेनमध्ये परत आला आणि १९८४ ला टीममेट अॅलन प्रोस्टशी सीझनभर झुंज झाली. मोनॅकोला धो धो पाऊस, लाउडा स्वतः फिरून बाहेर गेला, प्रोस्ट पुढे होता आणि रेस मध्येच थांबवली गेली. या वेळी आयोजकांनी लाल झेंडा दाखवला. पंचाहत्तर टक्क्यांहून कमी अंतर झालेलं म्हणून पॉइंट अर्धे, प्रोस्टला विजयाचे ९ ऐवजी साडेचार. शेवटची रेस पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला २१ ऑक्टोबर १९८४, लाउडा अकराव्या नंबरवरून निघाला, त्याला दुसरा यायलाच हवं होतं, एकेक गाडी मागे टाकत गेला आणि शेवटी नायजेल मॅन्सेलची गाडी ब्रेकमुळे बाद झाल्यावर दुसरा आला. लाउडा ७२, प्रोस्ट ७१.५. मोनॅको पूर्ण झाली असती आणि प्रोस्ट तिथं दुसरा जरी आला असता तरी त्याला ६ मिळाले असते आणि चॅम्पियन तो झाला असता.